चुडामण सरांच्या नावाची मूठ

चर्चच्या कमिटीला माझ्याकडून एकच वाक्य हवं होतं. कबरीपाशी प्रार्थना सुरू होण्याआधी मी सगळ्यांसमोर म्हणायचं, की माझ्या वडिलांनी कानबाईचा रोट खाणं सोडलं होतं आणि त्याबद्दल देवाची क्षमा मागितली होती. एवढं म्हटलं की पप्पांना आईच्या शेजारची जागा मिळणार होती. नाही म्हटलं तर मिळणार नव्हती.

पप्पा शुक्रवारी सकाळी गेले. शेजारच्या वच्छलाबाईंचा फोन आला तेव्हा मी जळगावला कॉलेजच्या लायब्ररीत कामावर होते. भुसावळला घरी पोचले तर चहाचा कप विसळून पालथा घातलेला होता, पेपर वाचून घडी घातलेला होता, आणि पप्पा खुर्चीत बसलेले होते. वच्छलाबाईंनी त्यांचे डोळे मिटले होते. त्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, माझ्या आईबरोबर. मला म्हणाल्या, "रडायचं तर आत्ता रड. नंतर लोक येतील, त्यांना चहा लागेल."

दुपारपर्यंत सगळं सरळ चाललं होतं. पप्पा हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे आणि निवृत्तीनंतर आमच्या चर्चमध्ये दर रविवारी शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, वर्ग घ्यायचे. भुसावळला त्यांना चुडामण सर म्हणून सगळे ओळखत. लाकडी पेटीचं काम अन्वरचाचांनी घेतलं. त्यांचं फर्निचरचं दुकान आहे आणि पप्पांची त्यांच्याशी जुनी मैत्री. आईची पेटीही त्यांनीच केली होती. दफनभूमीत आईशेजारी खड्डा खणून तयार झाला. दफन शनिवारी दुपारी चारला ठरलं.

मग संध्याकाळी झुलालनानांचा मेसेज चर्चच्या ग्रुपवर येऊन पडला.

झुलालनाना म्हणजे पप्पांचे चुलतभाऊ. सोनगीरजवळच्या आमच्या मूळ गावी शेती करतात. त्यांनी मेसेज आपल्या नातेवाइकांना पाठवला होता. तो फिरत फिरत भुसावळला आला. त्यात लिहिलं होतं: आमचे भाऊबंद चुडामण लोटन यांचे दुःखद निधन झाले असून भाऊबंदकीला सुतक असल्यामुळे यंदा आमच्याकडे कानबाई बसणार नाही. खाली पप्पांचा फोटो होता. मागच्या श्रावणातल्या कानबाईच्या पंगतीतला. समोर ताट, ताटात रोट. पप्पा त्यात मनापासून हसत होते. नानांना त्याहून चांगला फोटो सापडला नसणार.

कानबाई म्हणजे आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर बसते ती देवी. तिच्या रोटासाठी भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. रोट घरच्यांनीच संपवायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. त्यामुळे कोण घरचं आणि कोण बाहेरचं, हे त्या मुठींवरून ठरतं. माझे आजोबा लोटन तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात मरता मरता वाचले आणि ख्रिस्ती झाले. गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, आता त्याच्या नावाची मूठ काढायची नाही. आजोबांचे धाकटे भाऊ जीवराम ऐकेनात. "लोटननी देव बदला," ते म्हणाले, "भाऊ बदला का?" आणि त्यांनी मूठ काढली. पुढे पप्पांचा जन्म झाला तेव्हा त्यांचीही काढली. जीवरामबाबा गेल्यावर ते काम त्यांच्या मुलाकडे, झुलालनानांकडे आलं. पप्पा दर श्रावणात एसटीने गावी जात, पंगतीला बसत आणि दुसऱ्या दिवशी परत येत. त्यांनी हे कधी लपवलं नाही. चर्चमध्येही कुणी कधी विचारलं नाही.

एका ख्रिस्ती माणसासाठी गावातल्या सगळ्या भाऊबंदकीने देवीचा सण थांबवला होता. आमच्या चर्चला त्या मेसेजमध्ये फक्त ताट दिसलं.

अंधार पडायच्या सुमारास चर्चचे सेक्रेटरी अमृतभाऊ आले. बरोबर पास्टर जितेंद्र. अमृतभाऊ रेल्वेतून निवृत्त झालेले, नियमाने वागणारे आणि नियमावर प्रेम करणारे. जितेंद्र तरुण होता, पप्पांच्या वर्गात शिकून मग सेमिनरीत गेलेला. पप्पा फ्रीजरच्या पेटीत होते आणि पेटीची मोटर घरघरत होती, त्यामुळे सगळ्यांना जरा मोठ्याने बोलावं लागत होतं. अमृतभाऊंनी मोबाईल पुढे केला.

"ताई, हा फोटो खरा आहे का?"

"खरा आहे."

"म्हणजे सर तिथे बसले होते?"

"जेवत होते. दिसतंय की."

"रोट?"

"रोट, गंगाफळाची भाजी आणि खीर."

जितेंद्र खाली फरशीकडे बघत होता. अमृतभाऊंनी मोबाईल खिशात ठेवला.

"ताई, मला सरांबद्दल आदर आहे. पण आपल्यात नव्याने आलेली कुटुंबं आहेत. त्यांनी सण सोडले, घरातले देव सोडले, त्यांच्या आईबापांनी त्यांना ताटावरून उठवलं. ती माणसं मला संध्याकाळपासून विचारतायत, सर खात होते तर आम्ही का सोडलं? मी त्यांना काय सांगू?"

हा प्रश्न खोटा नव्हता. म्हणून मला तो जास्त लागला. मी म्हणाले, उद्या सांगते.

"उद्या सकाळी कमिटी बसतेय," ते म्हणाले. "एक वाक्य आहे. तेवढं तुम्ही म्हटलंत की सगळ्यांची तोंडं बंद होतील. सरांचीही अब्रू राहील."

सरांची अब्रू समोर पेटीत होती. मोज्यांसकट. वच्छलाबाईंनी मोजे घालायचा हट्ट धरला होता, कारण पप्पांचे पाय श्रावणातसुद्धा गार पडायचे.

पप्पांचा रविवारचा वर्ग मी कॉलेजात असल्यापासून ऐकत आले होते. पुढे मी त्यांच्याहून जास्त पुस्तकं वाचली, लायब्ररीतून त्यांना आणूनही दिली; पण त्यांच्यासारखं सांगणं मला जमलं नाही. त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता: देव एकच आहे, हे माणूस पहिल्यांदा कधी म्हणाला? वर्ग म्हणायचा, अब्राहाम म्हणाला. पप्पा मान हलवायचे. "अब्राहामाने एकाच देवाचं ऐकलं. बाकीचे नाहीतच असं तो कुठे म्हणाला? पहिली आज्ञा नीट बघा. दुसरे देव नाहीत असं ती सांगत नाही. माझ्यासमोर त्यांना आणू नकोस, असं सांगते. नवरा बायकोला म्हणतो, दुसऱ्याकडे बघू नको, तेव्हा जगात दुसरे पुरुष नाहीत असं त्याला म्हणायचं असतं का?" बायका हसायच्या. "जुन्या स्तोत्रांत तर देव बाकीच्या देवांच्या सभेत उभा राहून त्यांना झापतो. गरिबाला न्याय देत नाही म्हणून झापतो. नसलेल्यांना कुणी झापतं का?"

मग ते बाबेलवर, म्हणजे बॅबिलोनवर, यायचे. आवाज खाली यायचा. यरुशलेम जळालं, मंदिर पडलं, राजाचे डोळे काढले, लोकांना शेकडो कोस दूर नेऊन बसवलं. त्या काळचा हिशोब सरळ होता: ज्याचं गाव हरलं त्याचा देव हरला. बाबेलचा मर्दूक जिंकला होता. शहाण्या माणसाने उठून मर्दूकाच्या मिरवणुकीत सामील व्हायचं. "आणि तिथे," पप्पा म्हणायचे, "त्या वस्तीत कुणीतरी उभा राहिला. त्याचं नावही आपल्याला ठाऊक नाही. तो म्हणाला, आमचा देव हरलेला नाही. मर्दूक कुणी नाहीच. आहे तो एकच, आणि ज्याने आम्हाला झोडपलं तोसुद्धा त्याच्याच हातातली काठी. सगळं गेलेला माणूस हे म्हणतोय. एकच देव हा जिंकलेल्यांचा शोध नाही, बाबांनो. हरलेल्यांचा हट्ट आहे. राजेलोकांनी तो मागाहून उचलला आणि दुसऱ्यांच्या डोक्यात घातला."

अन्वरचाचा कधी कधी वर्ग संपल्यावर पप्पांना घ्यायला यायचे आणि दारातून म्हणायचे, "सर, तुमचा हिशोब मला नाही पटत. बाप, बेटा, आत्मा. बोलता एक, मोजता तीन."

"तू एक म्हणून मोकळा झालास," पप्पा म्हणायचे. "आम्हाला क्रूसावर मेलेल्यालाही त्या एकात बसवायचं होतं. देव हरलेल्यांचा म्हटल्यावर तो स्वतः कुठे हरलाय ते दाखवायला नको? तीनशे वर्षं भांडले आमचे लोक त्यावर. अजून बसला नाही नीट."

"मग सोडून द्या ना."

"नाही बसत म्हणून तर धरून ठेवलाय."

शनिवारी सकाळी झुलालनाना आले. क्रूझर भरून माणसं आणली होती. ती बाहेर रस्त्यावरच थांबली, आत कसं यायचं हे न कळून. नाना एकटे आत आले, पेटीच्या काचेवर हात ठेवून उभे राहिले आणि मग माझ्याकडे वळले. त्यांना कुणीतरी वाटेत सगळं सांगितलं होतं.

"हेमा, मन्ही चुकी व्हई गयी व माय. बठ्ठासले समजाले पाहिजे म्हनीसन टाकं मी. भाऊ ग्या, नि आम्ही रोट खावूत?"

"चूक नाही झाली, नाना. सगळ्यांना कळायलाच हवं होतं."

"मी त्यासले सांगस, फोटो खोटा शे. आजकाल मोबाईलमा काय बी करता येस. मन्हा नातूनी मले परवा वाघवर बसाडं."

मला हसू आलं. कालपासून पहिल्यांदा. वच्छलाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "वाघ बिचारा कसा आहे आता?"

"नको नाना," मी म्हणाले. "खोटं नको."

"मंग भाऊले आपला गाव लई जाऊत. मन्हा वावरमा जागा शे, निंबना झाडखाले. कोनी काय इचारनार नही, कोनी वाक्य मांगनार नही."

ते मनापासून म्हणत होते. आणि ते सोपंही होतं. पण पप्पा गेली सहा वर्षं दर महिन्याला आईच्या कबरीवरचं गवत काढायला जात होते. शेजारची जागा ते हाताने दाखवून म्हणत, ही माझी. मी नानांना सांगितलं, पप्पा आईशेजारीच झोपतील. नानांनी वाद घातला नाही. "मंग तठेच," म्हणाले. "आम्ही उचलाले येतस."

कमिटी चर्चच्या मागच्या खोलीत बसली होती. अमृतभाऊ, जितेंद्र आणि आणखी चौघं. ते चौघं मान हलवायला होते. दोघं एका बाजूला हलवत होते, दोघं दुसऱ्या. अमृतभाऊंनी सुरुवात केली.

"ताई, सरांनी तिथे हात जोडले होते का?"

मला माहीत नाही, असं म्हणता आलं असतं.

"जोडत होते. मी पाहिलंय. आरतीला ओट्यावर बसायचे, पण जेवायच्या आधी आत जाऊन एकदा हात जोडायचे."

"म्हणजे पूजा झाली."

"मी विचारलं होतं त्यांना. म्हणाले, जिच्यासमोर माझ्या काकाने माझ्या नावाची मूठ धरली, तिला नमस्कार न करता पंगतीला बसायचं म्हणजे फुकटचं जेवणं."

कुणीतरी खोकलं. अमृतभाऊंनी शास्त्र उघडलं नव्हतं, पण हात त्यावर होता.

"मूर्ती काही नाही हे शहाण्याला कळतं. तरी दुर्बळ भावाला अडखळण होत असेल तर तसलं अन्न खाऊ नये, असं प्रेषित स्वतः सांगतो. सर हे शिकवायचे."

"शिकवायचे. पण कोणता भाऊ, अमृतभाऊ? पप्पांनी ताट सारलं असतं तर सोनगीरचा भाऊ अडखळला असता. त्याच्या बापाने सगळ्या गावाशी भांडून ते ताट राखलं होतं."

"ते विश्वासातले नाहीत."

"भाऊ आहेत. विश्वासाच्या आधीपासून."

"आणि आपल्या नव्या लोकांना काय सांगू?"

"खरं ते सांगा. त्यांना घरच्यांनी ताटावरून उठवलं. पप्पांना कुणी उठवलं नाही. ज्याला उठवलेलं नाही त्याने आपणहून उठावं, अशी आज्ञा कुठे आहे?" मी जितेंद्रकडे वळले. "पास्टर, नामान आठवतो?"

जितेंद्रने पहिल्यांदा वर पाहिलं. "अरामाचा सेनापती," तो म्हणाला.

"त्याचं कोड बरं झालं. मग तो संदेष्ट्याला म्हणाला, यापुढे मी तुझ्याच देवाला मानेन. पण एक अडचण आहे. माझा धनी त्याच्या देवळात माझ्या हातावर भार टाकून वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं. तेवढी माफी असावी. संदेष्टा काय म्हणाला?"

"शांतीने जा, म्हणाला."

"अट घातली? सगळ्यांसमोर काही म्हणायला लावलं?"

"नाही."

"पास्टर," अमृतभाऊ म्हणाले, "तुम्ही कमिटीत आहात की सरांच्या वर्गात?"

जितेंद्रचा पगार कमिटी देते, आणि त्याची मुलगी नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. मी त्याला आणखी काही विचारलं नाही.

"ताई, शास्त्रार्थ पुष्कळ झाला," अमृतभाऊ म्हणाले. ते थकलेले दिसत होते. "मी सोपं सांगतो. सर आता नाहीत. त्यांना काही फरक पडत नाही. तुम्ही एक वाक्य म्हणा, आई-वडील एकत्र झोपतील. कोण खोडून काढणार आहे?"

तेच तर होतं. मेलेला माणूस खोडून काढू शकत नाही. म्हणून त्याच्या नावावर खोटं बोलणं इतकं सोपं असतं. माझा स्वतःचा विश्वास किती आहे, हे मला नीट सांगता येणार नाही. रविवार चुकवायला मी लायब्ररीची कामं काढते. पण पप्पांचा किती होता ते मला ठाऊक होतं. आई गेली त्या रात्री ते तिच्या उशाशी बसून मोठ्याने म्हणत होते, तू एकच आहेस, तू एकच आहेस. कुणाला म्हणत होते ते मी विचारलं नाही. ते वाक्य ज्या माणसाने त्या रात्री म्हटलं, त्याने क्षमा मागितली असं मी कसं म्हणणार? कशाबद्दल? गव्हाबद्दल?

"नाही म्हणणार," मी म्हणाले. "चार वाजता पप्पांना घेऊन येते."

"गेटला कुलूप असेल."

"मग रस्त्यावर उभी राहीन. रस्ता नगरपालिकेचा आहे."

आमची दफनभूमी गावाबाहेर, रेल्वे लाईनच्या पलीकडे आहे. उघडीप होती आणि उकाडा होता. अन्वरचाचांच्या टेम्पोतून पेटी नेली. मागे नानांची क्रूझर, त्यामागे पायी आणि स्कूटरवर चर्चची माणसं. मला वाटलं होतं त्याहून जास्त आली होती. त्यातली काही नवी कुटुंबंही होती, ज्यांची अमृतभाऊंना काळजी होती. ती बाजूला उभी राहून बघत होती.

गेटला कुलूप होतं. अमृतभाऊ आत उभे होते, किल्ली हातात.

टेम्पोतून दोन स्टुलं काढून अन्वरचाचांनी ती गेटसमोर ठेवली आणि त्यावर पेटी ठेवली. एक ट्रॅक्टर हळू झाला, ड्रायव्हरने कपाळाला हात लावला आणि पुढे गेला. मग वच्छलाबाई छत्रीच्या टोकाने गेट वाजवत म्हणाल्या, "अमृत, उघड. माझे गुडघे दुखतात."

"मावशी, तुम्ही यात पडू नका. हा सिद्धांताचा प्रश्न आहे."

"हो का? मग नवीन घराचं दार फोडून पूर्वेला केलंस, ते सिद्धांतासाठी का?"

"ते हवा येते म्हणून."

"हवा! वरणगावचा वास्तुवाला हवा मोजायला आला होता का रे फुटपट्टी घेऊन?"

लोक हसले. क्रूझरजवळ उभी असलेली आमची गावची माणसंही हसली. त्यांना वास्तू चांगली कळत होती. अमृतभाऊ लाल झाले. पण त्यांनी कुलपाला हात लावला नाही. ते गजांजवळ आले आणि मला हळू आवाजात म्हणाले, "ताई, तमाशा नको. वाक्य राहू द्या. पास्टर विचारतील, तुम्ही नुसतं हो म्हणा. एक हो. मी लगेच उघडतो."

जितेंद्र स्कूटर लावून आला होता. पांढरा झगा घालून तो गेटच्या आमच्या बाजूला उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"विचारू, ताई?"

"विचारा."

पेटीच्या पलीकडे, गजांतून, आईच्या कबरीशेजारची ताजी काळी माती दिसत होती. एक अक्षर. ते म्हणून टाकलं तर पप्पा पाच मिनिटांत तिथे पोचणार होते, आणि मी उरलेलं आयुष्य दर महिन्याला जाऊन त्या अक्षरावरचं गवत काढणार होते.

"चुडामण सरांनी कानबाईचा रोट खाणं सोडलं होतं का?" जितेंद्रने मोठ्याने विचारलं.

"नाही."

"त्याबद्दल त्यांना पश्चात्ताप झाला होता का?"

"नाही," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला. "माझे वडील एकाच देवाला मानत होते, आणि भावांनी वाढलेलं ताट खात होते. त्यांना त्यात अडचण वाटली नाही. ज्यांना वाटते त्यांनी ती आपल्या नावावर ठेवावी. पप्पांच्या नावावर टाकू नये."

"आमेन," वच्छलाबाई म्हणाल्या, छत्री आपटून.

नव्या कुटुंबांपैकी एक बाई मागून म्हणाली, "आमेन." तिच्या नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही.

जितेंद्रने पुस्तक उघडलं आणि तिथेच, रस्त्यावर, दफनाची प्रार्थना सुरू केली. अमृतभाऊ गजांमागून म्हणाले, "पास्टर, हे मला वर कळवावं लागेल."

"कळवा," जितेंद्र म्हणाला, आणि जिथे थांबला होता तिथून पुढे वाचू लागला.

अमृतभाऊ उभे राहिले. त्यांनी एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा मागे त्या खड्ड्याकडे. मला वाटतं, त्या क्षणी ते एकटेच आत होते, हे त्यांना कळलं. त्यांनी गजांतून हात बाहेर काढला आणि किल्ली गेटच्या खांबावर ठेवली.

"मी उघडलेलं नाही," ते म्हणाले. "तेवढं कमिटीत नोंदवा."

"नोंदवा," मी म्हणाले.

"उद्या चर्चमध्ये यावर बोलावं लागेल."

"बोलू. मी पुढच्या बाकावर असेन."

ते कुंपणाच्या कडेने मागच्या वाटेने निघून गेले, पाठीमागे हात बांधून, सावकाश. मी किल्ली घेतली. कुलूप गंजलेलं होतं. दोनदा फिरवावं लागलं. अन्वरचाचांनी गेट ढकललं. नाना आणि त्यांची माणसं पुढे आली, पेटीच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला चर्चची, आणि उंची सारखी नसल्यामुळे पेटी एका अंगाला कलली. "सांभाळून, सांभाळून," सगळेच एकमेकांना सांगू लागले.

आत आल्यावर नाना थांबले. आईच्या दफनाला त्यांना येता आलं नव्हतं; ते इथे पहिल्यांदाच येत होते. इतक्या कबरी, इतके क्रूस बघून गोंधळले.

"वहिनी कोठे शे?" त्यांनी विचारलं.

मी दाखवलं. आम्ही तिकडे निघालो.